भरपाईचा चेक आला, कामाचे काय?

(कामगार दिन व महाराष्ट्र दिनानिमित्त 1 मे रोजी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



1 मे रोजी या व्यासपीठावरून सीमाप्रश्नावर बोलले जाते. त्या विषयाचे आमच्यापेक्षा अधिकारी वक्ते आज इथे बसले आहेत आणि त्यांचे आपण ऐकणारच आहोत. पण 1 मे हा कामगारांचाही दिवस आहे. आपल्या जुन्या मराठी घरांतली कितीतरी मुले सकाळी डबा घेऊन उद्यमबागेत, मच्छ्याला, होनग्याला जातात. शहापूर-वडगाव-खासबागेत मागावर बसतात. खानापूरची पोरे वेर्ण्याला, चंदगडची शिरोलीला जातात. त्यांच्यातला एखादा हात किंवा पाय गमावून घरी बसतो, तेव्हा त्याचे पुढे काय होते, एवढ्याच विषयावर आम्ही बोलणार आहोत. आम्ही वकील नाही. बँकेतले कारकून आहोत, बी.कॉम. झालेले. त्यामुळे आम्ही आकड्यांच्या वाटेनेच जाऊ.

बँकेच्या खिडकीवर बसणाऱ्या आमच्यासारख्यांना एक गोष्ट वारंवार दिसते. एरवी महिन्याकाठी पगार जमा होऊन आठवड्यात रिकामे होणारे एखादे खाते असते. त्यात अचानक दोन-अडीच लाख जमा होतात. घरात थोडा उजेड पडतो. मग सावकाराचे देणे फिटते, बहिणीचे लग्न होते, पत्रे काढून स्लॅब पडतो. यात गैर काही नाही. पैसा त्यासाठीच असतो. पण दीड-दोन वर्षांनी त्याच खात्यात किमान शिल्लकही राहत नाही आणि खातेदार पस्तिशीच्या आत कायमचा घरी बसलेला असतो.

आता हिशेब मांडू. समजा, मुलगा 30 वर्षांचा आहे, पॉवर प्रेसवर काम करतो, पगार 15,000 रुपये. प्रेसखाली त्याची तर्जनी मुळापासून गेली. 1923 च्या भरपाई कायद्यात दुखापतींचे एक कोष्टक होते. तो कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. कोष्टकात प्रत्येक अवयवाची टक्केवारी आहे. अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधले बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7, एका हाताची चारही बोटे 50. पगाराच्या 60 टक्के रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. 30 व्या वर्षाचा आकडा 207.98 आहे. म्हणजे 9,000 गुणिले 207.98, झाले 18,71,820. त्याचे 14 टक्के घेतले की 2,62,055 रुपये येतात.

रक्कम कानाला मोठी लागते. पण एकही पैसा खर्च न करता ती सगळी 7 टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवली तर वर्षाला 18,344 रुपये व्याज येते, महिन्याला दीड हजार. पगार पंधरा हजार होता. तर्जनीची किंमत दीड हजार धरली, पण बोटाबरोबर नोकरीही गेली असेल तर उरलेले साडेतेरा हजार कुणी द्यायचे? कायद्याने 14 टक्के कमाई गेली असे मानले. प्रत्यक्षात ती शंभर टक्के गेली. कारण उरलेल्या 86 टक्के माणसाला कुणी कामावर घेतले नाही.

आमचे सगळे म्हणणे या फरकात आहे. भरपाई मागायला आपण आता बऱ्यापैकी शिकलो आहोत. काम परत मागायला अजून शिकलेलो नाही.

जिथे ईएसआयचे कार्ड आहे तिथे चित्र थोडे निराळे असते. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला ईएसआय लागू होते आणि मग भरपाई मालकाऐवजी महामंडळ देते. उपचार चालू असून कामावर जाता येत नाही तोवर रोजच्या मजुरीच्या 90 टक्के, आणि कायमचे अपंगत्व राहिले तर मेडिकल बोर्ड ठरवील त्या टक्क्यांप्रमाणे जन्मभर मासिक रक्कम. आपल्या उदाहरणातल्या मुलाची रोजी 500 रुपये धरली तर 90 टक्के म्हणजे 450 आणि त्याचे 14 टक्के म्हणजे 63 रुपये रोज, महिन्याला साधारण 1,890.

इथे एक गैरसमज इतका खोल रुजला आहे की त्यावर जरा थांबायला हवे. पुष्कळ घरांत असे मानतात की मुलगा परत कामावर गेला तर ही पेन्शन बंद होणार. मग आई म्हणते, राहू दे, आहे ते जाईल. हे खरे नाही. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ काम सुरू झाले की थांबतो, हे बरोबर. पण कायमच्या अपंगत्वाची मासिक रक्कम ही गेलेल्या बोटाबद्दल असते आणि माणूस नोकरी करत असला तरी ती चालू राहते. 63 रुपये रोज अधिक पगार, असे दोन्ही मिळू शकते. ही एक गोष्ट आज इथून चार घरांत पोहोचली तरी आमचे बोलणे वसूल झाले.

पण कार्ड असते का? काही वर्कशॉपांत माणसे पंधरा आणि हजेरीपत्रकावर नऊ. अपघात झाला की मग धावपळ करून दुसऱ्या दिवशी कार्ड काढायचे आणि तो मुलगा कालच लागला असे दाखवायचे. कामावरच्या अपघाताचा लाभ मिळायला नोकरी किती महिन्यांची झाली हे पाहिले जात नाही, पहिल्या दिवसापासून हक्क असतो. म्हणून ही युक्ती खपूनही जाते. पण तारखांची गफलत झाली की दावा अडकतो, आणि अडकतो तो कामगाराचा. कार्ड नसेल आणि मालक भरपाई देत नसेल तर भरपाई आयुक्तांकडे दावा करता येतो. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. महिन्याच्या आत मालकाने पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज लागते आणि वर दंडही होऊ शकतो. शिरोलीत किंवा वेर्ण्यात हात गेला म्हणून कोल्हापूर-मडगावचे हेलपाटे घालायला नकोत; कामगार राहतो तिथल्या आयुक्तांकडेही दावा लावता येतो. घरून कारखान्याला जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, कामावरचाच धरला जातो. खानापूरहून रोज दुचाकीवर येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता कामाचा प्रश्न. इथे कायद्याने समाजाचे दोन भाग केले आहेत. सरकारी खाते, महामंडळ, राष्ट्रीयीकृत बँक, नगरपालिका, परिवहन अशा ठिकाणी नोकरीत असताना अपंगत्व आले तर कामावरून काढता येत नाही, हुद्दाही कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे. तेही नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याचे कलम 47 हेच सांगत होते आणि 2016 च्या कायद्याचे कलम 20 हेच सांगते. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने कुणाल सिंग खटल्यात एका शिपायाच्या बाबतीत हे पक्के केले. सेवेत असताना पायाला इजा होऊन त्याचा पाय कापावा लागला होता आणि त्याला सेवेसाठी असमर्थ म्हणून घरी पाठवले होते. म्हणजे आमच्यासारख्या बँक कारकुनाचा हात उद्या गेला तर आमची खुर्ची जात नाही. आणि ज्याच्या कामात हात जाण्याचा धोका रोजचा आहे, त्या प्रेसवरच्या मुलाला हे संरक्षण नाही, कारण त्याचा कारखाना खासगी आहे. आम्हाला हे कधीच न्याय्य वाटलेले नाही. मराठी उमेदवार मते मागायला येतील तेव्हा त्यांनी विधानसभेत आणि संसदेत कोणते प्रश्न मांडावेत, याच्या यादीत हा एक घालावा अशी आमची मंडळाला विनंती आहे.

कायदा बदलेपर्यंत हातात काहीच नाही असे मात्र समजू नका. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाच्या परिवहन महामंडळाविरुद्ध एक निकाल दिला. रंग ओळखता येत नाहीत म्हणून एका बसचालकाला अपात्र ठरवून काढले होते. हा काही अपघात नव्हे, पण निकालाचा आधार पाहण्यासारखा आहे. 1979 साली कामगार संघटनेने महामंडळाशी केलेल्या करारात अशा चालकाला दुसरे काम देण्याचे कलम होते. कित्येक दशकांपूर्वी कुणीतरी चार ओळी लिहून घेतल्या आणि त्या आज एका कुटुंबाच्या उपयोगी पडल्या. आपल्याकडे पगारवाढीचे करार होतात तेव्हा बोनसवर रात्र-रात्र घासाघीस चालते. त्याच करारात, कामावर जखमी झालेल्याला शक्य ते दुसरे काम द्यावे, एवढे कलम घालायला मालकाला आजच्या आज एक पैसाही पडत नाही. म्हणूनच तो ते मान्य करण्याची शक्यता अधिक.

यात एक पेच आहे, तो स्पष्ट बोलायला हवा. भरपाईच्या दाव्यात कामगाराला आपण किती निकामी झालो हे सिद्ध करावे लागते. 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराचा खटला निकालात काढला. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापला गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून न्यायालयाने त्याची कमाईची शक्ती पूर्ण गेली असे मानले. निकाल योग्यच होता. पण दावा दोन-तीन वर्षे चालतो आणि तेवढा काळ वकील, नातेवाईक, साक्षीदार सगळे त्या माणसाला एकच सांगत राहतात, तुला काही जमत नाही असे म्हण. म्हणता म्हणता त्याला ते पटते. निकाल लागतो तेव्हा चेक हातात येतो आणि उमेद गेलेली असते. सुतार रंधा मारू शकत नाही, हे खरे. पण तो लाकूड ओळखतो, माप घेतो, गिऱ्हाइकाशी बोलतो, दोन पोरांकडून काम करून घेऊ शकतो. न्यायालयापुढे सांगायचे ते पूर्वीच्या कामाबद्दल. तेच घरात रोज सगळ्या कामांबद्दल बोलायची गरज नाही.

बाहेरच्या देशांत हा पेच विमा संस्थेनेच सोडवायला घेतला. जर्मनीत अपघात विम्याचे धोरणच असे की पेन्शनच्या आधी पुनर्वसन. तिथे वर्षात सहा आठवड्यांहून अधिक काळ आजारी राहिलेल्या कामगाराशी मालकाने बसून परतीचा विचार करावा, हे 2004 पासून बंधनकारक आहे. मलेशियात त्यांच्या ईएसआयसारख्या संस्थेने 2007 पासून परत कामावर आणण्याचा कार्यक्रम चालवला आहे. एक माणूस नेमून दिलेला असतो, तो दवाखान्यात, घरी आणि कारखान्यात तिन्हीकडे जातो. आपल्याकडे दवाखान्याला कारखाना दिसत नाही आणि कारखान्याला दवाखाना. डॉक्टर फिट असा शिक्का मारतात. कशासाठी फिट? वीस किलोचे कास्टिंग उचलायला की टेबलाशी बसून गेज लावायला? डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना ते काम कुणी सांगितलेलेच नसते. अर्ध्या पानावर लिहून द्यावे: उभे किती तास, वजन किती, दोन्ही हात लागतात का, उष्णता किती. मग त्यांनाही सल्ला देता येतो, आणि पहिले दोन आठवडे अर्धी पाळी, मग पूर्ण, असे लिहून देता येते.

आता जे बोलणार आहोत ते आपल्यातल्या कारखानदार मंडळींसाठी. वाईट वाटून घेऊ नका. उद्यमबागेतली कितीतरी शेड आपल्याच मराठी घरांची आहेत. आजोबांनी एका लेथवर सुरू केलेली, नातवाने सीएनसीवर नेलेली. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. जखमी झालेल्या पोराचा दवाखान्याचा खर्च आपण करता, गावकीतला म्हणून दिवाळीला पाकीट पाठवता, गणपतीत त्याच्या घरी जाऊन येता. फक्त कामावर बोलावत नाही. विचारले तर म्हणता, परत काही झाले तर? ही भीती खरी आहे, पण तिचे उत्तर त्या पोराला घरी बसवणे हे नसून प्रेसला गार्ड बसवणे हे आहे. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही, अशी सोय जुन्या प्रेसलाही करता येते. ती न करता त्याच्या जागी दुसरा मुलगा उभा केला, तर बोट बदलले एवढेच.

आणि काम नाही असे कसे? तपासणीच्या टेबलावर डोळा आणि सवय लागते, दहा बोटे लागत नाहीत. स्टोअर, टूलचा हिशेब, डिस्पॅचची चलने, वजनकाटा, गेटची नोंद, सीएनसीचे बटण, नव्या पोरांना शिकवणे; मागाच्या कारखान्यात कांड्या भरणे, कापड तपासणे, घड्या घालणे. आठ वर्षे प्रेसवर काढलेला माणूस धातू चिरतोय की नाही हे आवाजावरून सांगतो. नवा माणूस तयार करायला जो वेळ आणि माल वाया जातो त्याचा हिशेब कधी मांडून पाहा; वाणिज्य शाखेचे म्हणून सांगतो, तो ताळेबंदात दिसत नाही, पण असतो. शिवाय 2016 च्या अपंग हक्क कायद्याखाली खासगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण लेखी जाहीर करावे लागते. वीस किंवा अधिक कामगार असतील तर अपंगांना कोणती कामे देता येतील हेही त्यात लिहावे लागते. हा कागद आपल्यापैकी किती जणांच्या शेडमध्ये लावलेला आहे, ते आपणच पाहावे.

भाषेचा मुद्दा सोडून चालणार नाही. तडजोडीचा कागद बहुधा कन्नडात किंवा इंग्रजीत असतो. मुलगा मराठी शाळेत शिकलेला, घरचे रडकुंडीला आलेले, आणि पाचशेच्या नोटांची गड्डी टेबलावर. सही होते. पन्नास हजारांत सगळे मिटले, माझी काही तक्रार नाही, असे त्यात असते. अशा कागदाने भरपाईचा हक्क सोडता येत नाही, तो करार कायद्याने रद्दबातल ठरतो, हे सही करणाऱ्याला ठाऊक नसते. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, या तत्त्वासाठी आपण इतकी वर्षे निवेदने देतो. त्या निवेदनांत सात-बारा, मतदार यादी, बसवरच्या पाट्या असतात. कामगाराचे अपघाताचे आणि भरपाईचे कागदही त्यात असायला हवेत. पाटी वाचता आली नाही तर माणूस चुकीच्या बसमध्ये बसतो; हा कागद वाचता आला नाही तर त्याचे दोन लाख जातात.

टक्केवारीबद्दल थोडे. ईएसआयचे मेडिकल बोर्ड जे टक्के ठरवते ते कमाईच्या नुकसानीचे. दिव्यांग प्रमाणपत्रावरचे टक्के वेगळे, ते सरकारी रुग्णालयातून मिळतात, आणि 40 टक्के असले तर राखीव जागा, दिव्यांगांसाठीचे कर्ज वगैरे मार्ग खुले होतात. दोन बोटे गेलेला माणूस बहुधा 40 पर्यंत पोहोचत नाही. सरकारदरबारी तो अपंग नाही आणि मालकाच्या लेखी धडधाकट नाही. अपघातातून उठलेल्यांत असेच लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांना कोणतीच योजना लागू होत नाही. त्यांना लागते ती ओळखीच्या चार माणसांची खटपट. ज्यांचे अपंगत्व मोठे आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारची करिअर सेवा केंद्रे आहेत, बेंगळूर, मुंबई, हैदराबाद इथे. आणि कामावरच्या दुखापतीनंतर प्रशिक्षण घेणाऱ्या विमाधारकाला ईएसआय प्रशिक्षणाच्या काळात भत्ताही देते. ही सोय फारसे कुणी मागत नाही.

मंडळाच्या कार्यकारिणीने आमची एक सूचना मान्य केली आहे. दर रविवारी सकाळी 10 ते 12 मंडळाच्या कार्यालयात आम्ही आणि आमचे दोन सहकारी बसणार आहोत. त्यांतल्या एकाला कन्नड उत्तम येते. येताना अपघाताच्या दिवसाचा दवाखान्याचा कागद, पगाराची पावती किंवा पासबुक आणि ईएसआय कार्ड असेल तर ते आणावे. कुठल्या कागदावर सही झाली असेल तर त्याची प्रत आणावी. सही व्हायची असेल तर सही न करता कागद आणावा. आणि ज्यांच्या शेडमध्ये तपासणीला, स्टोअरला, गेटवर माणूस हवा आहे त्यांनी तसे आमच्याकडे लिहून ठेवावे. वही कालच घातली आहे. तिच्या डाव्या पानावर काम मागणाऱ्यांची सात नावे आली आहेत. उजवे पान अजून कोरे आहे.